बाबांचं नाक

आमच्या घरात वाईन हा शब्द हळू आवाजात बोलायचा. रत्नागिरीत वाईन शॉप म्हणजे दारूचं दुकान, आणि तिथे जाणाऱ्याबद्दल लोक काय बोलतात ते आईला चांगलं ठाऊक होतं. बाबांची वाईन वेगळी होती, पण हे शेजाऱ्यांना कोण समजावणार? बाबा परदेशी प्रवासी बोटीवर स्टुअर्ड होते. जेवणाच्या मोठ्या दालनात वाईन वाढायचे. बाटली टेबलावर जाण्याआधी ती बरी आहे की बिघडलेली, हे हुंगून ठरवायचं काम त्यांचं. सुट्टीवर येताना एक-दोन बाटल्या आणायचे आणि कपाटात कपड्यांच्या मागे ठेवायचे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात कमी बोलणारी. बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवायला ते मला बोलवायचे आणि घोटभर चाखायला द्यायचे. आईला ते पसंत नव्हतं. तिच्या मते लाल वाईनला खोकल्याच्या औषधाची चव होती. मला पांढरी, आंबटसर आवडायची. बाबांना लाल, तीही अशी तुरट की काजूचं कच्चं बोंड चावल्यासारखे गाल आतून ओढले जावेत. द्राक्षांची सालं रसात जितकी मुरतात तितकी वाईन तुरट होते, असं ते सांगायचे. द्राक्ष तेच, पण जमीन बदलली की चव बदलते. हे मला लगेच पटलं, कारण कातळावरचा हापूस आणि मळ्यातला हापूस सारखाच लागतो असं आमच्याकडे कोणी म्हणणार नाही.

"जीभ आंबट, गोड, तुरट एवढंच सांगते," ते म्हणायचे. "बाकी सगळं नाक सांगतं."

मग डोळे मिटून एकेक वास ओळखायचे. जांभळं, ओलं लाकूड, मिरी, एकदा तर शेजारच्या गोठ्यातलं सुकं गवत. आई आतून म्हणायची, आता शेणही सापडेल.

एका वर्षी सुट्टीवर असताना गणपतीत त्यांना ताप आला आणि मोठी सर्दी झाली. बरे झाले. दिवाळीत बाटली उघडली तेव्हा म्हणाले, "छान तुरट आहे," आणि थांबले. मी वाट पाहिली. जांभळं आली नाहीत, लाकूड आलं नाही. तेव्हापासून मी लक्ष ठेवू लागले. एकदा दूध उतू जाऊन जळलं, घरभर वास, आणि बाबा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. आईच्या प्रत्येक आमटीला मात्र ते छान म्हणत होते. पूर्वी कधी म्हणाले नव्हते. आई खूश होती. मी कोणालाच काही बोलले नाही. बाबांचं पुढच्या बोटीवरचं काम अजून ठरायचं होतं, आणि ज्याला वास येत नाही त्याला वाईन वाढायला कोण घेणार?

ठरवणार होते ते हेड स्टुअर्ड. ते मूळचे राजापूरकडचे, तेही तेव्हा सुट्टीवर आले होते. एका रविवारी बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि राहिलेली शेवटची बाटली काढली. बूच निघालं तसा मला वास आला, पावसाळ्यात भिजून कोपऱ्यात पडून राहिलेल्या गोणपाटाचा. बुचाला बुरशी लागली की वाईनला असा वास येतो, हे मला बाबांनीच शिकवलेलं. त्यांनी पेल्यात थोडी ओतली आणि नाकाशी नेली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग पेला पाहुण्यांना न देता त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बघ गो, कशी आहे."

मुलीचं कौतुक दाखवावं तसे हसत म्हणाले. पण डोळे माझ्यावरून हलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

चांगली म्हटलं असतं तर पुढच्याच क्षणी पाहुण्यांनी ती हुंगली असती.

"बिघडलीय," मी म्हणाले. "गोणपाटाचा वास येतोय."

पाहुण्यांनी पेला घेतला, हुंगला आणि खाली ठेवला.

"पोरीचं नाक झकास आहे. तुझ्या नाकाला काय झालं रे?"

सर्दी आहे, बाबा म्हणाले. पाहुण्यांनी पेला परत त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी बाबांनी मान खाली घातली.

"गणपतीपासून वास येत नाही."

आई सोलकढीचं भांडं घेऊन दारात उभी होती. "म्हणजे इतके दिवस माझ्या आमटीला छान छान म्हणत होतात, ते काय?"

बाबांनी बाटलीला बूच परत लावलं.

"वाढा वहिनी," पाहुणे म्हणाले. "मला येतो वास. मी खरं काय ते सांगेन." आई हसली नाही.

जेवताना पाहुण्यांनी समजावून सांगितलं. अशी एक बाटली टेबलावर गेली तर बाबांबरोबर त्यांचंही नाव खराब होईल. दालनात घेता येणार नाही. केबिनच्या कामाला माणूस हवा आहे, बिछाने घालायचे, टॉवेल बदलायचे, न्हाणीघरं धुवायची. बाबा भात कालवत राहिले, खात नव्हते.

"आणि वास यायला लागला तर?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा बघू."

बाबा केबिनच्या कामावर गेले. पुढच्या सुट्टीत बाटली आली नाही, बोटीवरच्या साबणाच्या लहान लहान वड्या आल्या, वेगवेगळ्या रंगांच्या. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "यातली चांगली असेल ती आईला दे." कुठली चांगली ते मी एकेक हुंगून ठरवू लागले, तसे ते उठून अंगणात गेले.