पट्टा सोडणारा हात

पोलीस नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळले आहेत. आर्णी तालुक्यातली एक कापूसचोरी मात्र अजून तपशिलासह समोर उभी राहते. मुद्देमाल मोठा नव्हता, आरोपीही सराईत नव्हते. लक्षात राहिले ते तीन कुत्रे.

वेचणीचा हंगाम ऐन भरात होता. घरात जागा नसली की शेतकरी कापूस शेतातल्या कोठ्यात ठेवतात आणि राखणीला कुत्रा बांधतात. लागोपाठ तीन शेतांतले कोठे फुटले. तिन्ही ठिकाणी कापसाबरोबर राखणीचा कुत्राही नाहीसा झाला होता. घटनास्थळाच्या पंचनाम्यात एक गोष्ट सारखीच आढळली. साखळी तोडलेली नव्हती. गळ्यातला पट्टा नीट सोडून जागेवर ठेवला होता. रक्त नाही, झटापटीची खूण नाही, विष घातलेल्या भाकरीचा तुकडा नाही. यवतमाळहून श्वानपथक आले. पथकातली कुत्री कोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत गेली आणि तिथे बसली. पुढे वाहन वापरले गेले, एवढेच त्यातून कळले.

तीन फिर्यादी होते. एक निवृत्त गुरुजी, एक किराणा दुकानदार आणि शेतातच घर करून एकट्या राहणाऱ्या एक वृद्ध आजी. पहिल्या दोघांनी आधी कापसाची हकीकत सांगितली. आजी ठाणे अंमलदारासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "जयभीम साहेब. कापसाचं माह्या पोराले इचारा. माह्या भुऱ्याचं लिहून घ्या पयले."

"आजी, कुत्रा चोरीच्या मालातच धरू आपण," अंमलदार समजावू लागला.

"माल?" आजी कडाडल्या. "माल गोदामात असते. भुऱ्या माह्या घरचा हाय."

त्यांचा राग नुसत्या मायेचा नव्हता. मुलगा पुण्याला कंपनीत नोकरीला होता. चोरीची बातमी ऐकून तो आला होता आणि ठाण्याच्या आवारातच आईला म्हणाला होता, "भुऱ्या होता म्हणून मी इतके दिवस गप्प बसलो. आता तू एकटी त्या शेतात राहायची नाहीस. येत्या रविवारी माझ्यासोबत चल." लग्न होऊन आल्यापासून आजी शेताबाहेर कुठे राहिल्या नव्हत्या. कुत्रा जिवंत परत आला नाही, तर शेतही सुटणार होते.

पहिली खबर दिग्रसहून आली आणि ती निरुपयोगी वाटली. खबऱ्या म्हणाला, एक हमाल रोज चिकनच्या दुकानातून कोंबडीच्या पायांची पिशवी नेतो. माणूस एकटा राहतो, घरी कुत्रामांजर काही नाही. कापसाच्या तपासात कोंबडीच्या पायांचे काय करायचे? स्टेशन डायरीला नोंद झाली आणि काम पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबासाठी तिघांनाही बोलावले होते. व्हरांड्यातल्या बाकावर ते पाळीची वाट पाहत बसले होते. माझे टेबल खिडकीला लागून होते, त्यामुळे त्यांचे बोलणे आत ऐकू येत होते.

"आमचा टायगर नुसता नावाचा टायगर," दुकानदार सांगत होता. "फटाका वाजला का पलंगाखाली. मी वढतो, तो अजून आत घुसते. पण कोठ्यात कोणी पाय टाकून दाखवा म्हणा!"

"आमची राणी रोज माझ्यामागे शाळेत यायची," गुरुजी म्हणाले. "प्रार्थनेला ओळीच्या शेवटी बसायची. मी निवृत्त झालो, दुसऱ्या दिवशी घरी चहा पीत बसलो, अन् बाईसाहेब आपल्या वेळेवर शाळेत हजर! पोरं सांगत आली, गुरुजी, तुमच्या बदली राणी आली."

आजी हसल्या. "भुऱ्या तं जावयाले आंगणात येऊ देत नाई. जावई बांधावरून फोन लावते, 'मामी, कुत्रं धरा, मंग येतो.' त्याच्या आंगाले हात लावाची कोणाची छाती नाई. एक त्या मेटॅडोरवरच्या पोरानं लावला. बाकीचे कापूस भरून राह्यले, अन् हा बसला भुऱ्याच्या कानातले गोचीड काढत. हे मेलं डोये मिटून पडलं!"

बाकावरचे हसणे थांबले.

"हातात कडं होतं काय, आजी?" गुरुजींनी विचारले.

"होतं ना. काहून?"

"राणीचे गोचीडपण त्यानेच काढले."

दुकानदार उठून उभा राहिला. "मायच्यानं! टायगरचेबी."

अनोळखी माणसाला जवळ न येऊ देणाऱ्या तीन कुत्र्यांचे पट्टे कोणाच्या हाताने सुटले असतील, हे त्या बाकावर कळले. तिघांनीही पहिल्या वेच्याचा कापूस एकाच व्यापाऱ्याला दिला होता. मेटॅडोरवरचा हमाल तोच होता. व्यापाऱ्याकडून त्याचे नाव-पत्ता घेतला, तेव्हा दिग्रसच्या खबरीतला कोंबडीचे पाय नेणाराही तोच निघाला. पथकाने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीसाठी आणले.

तिशीतला, उंच, कमी बोलणारा माणूस. दुपारपर्यंत त्याने काही कबूल केले नाही. खोटे बोलणारा माणूस बहुधा दाराकडे किंवा शिपायाकडे पाहतो. हा खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहत होता. ऊन उतरू लागले तशी त्याची बेचैनी वाढली. भीती वेगळी दिसते. हा कुठेतरी जायचे राहून गेलेल्या माणसासारखा चुळबुळत होता. प्रश्न सगळे विचारून झाले होते.

तोच हमाल का, हे सांगण्यासाठी आजींना आत घेतले. शिव्या पडतील अशी आमची अपेक्षा होती. आजींनी मान हलवली आणि त्यालाच विचारले, "पोरा, आज त्यायले कोणी खाऊ घातलं काय रे?"

त्याची मान खाली गेली. "नाई माय. सकाळीच उचललं मले यायनं. पाणीबी सरलं असन आता."

गुन्ह्याला तिथे वाचा फुटली. माल आणि कुत्रे दाखवतो, असा त्याचा निवेदन पंचनामा दोन पंचांसमक्ष करून, त्याला घेऊन गाड्या निघाल्या. आजी मागच्या गाडीत बसल्या. कोणी त्यांना अडवले नाही.

दिग्रस रस्त्यापासून आत एक बंद पडलेली पोल्ट्रीची शेड होती. गाडी थांबताच आतून भुंकणे सुरू झाले. दार उघडले तर तिन्ही कुत्रे मोकळेच होते आणि त्यांच्या मागे चोरीच्या कापसाचा ढीग. ते उंबऱ्यावर दात विचकून उभे राहिले. पंच गाडीतून उतरेनात.

हवालदार मागे सरकत म्हणाला, "साहेब, हे तं आपल्यालेच चोर समजून राह्यले."

आजी उतरल्या. एकदाच हाक मारली, "भुऱ्या!"

भुंकणे मध्येच तुटले. भुऱ्याने उडी मारली नाही. पोट जमिनीला घासत तो आजींपर्यंत आला, लुगड्यात डोके खुपसले आणि एक आवाज केला. तो भुंकण्याचा नव्हता, रडण्याचाही नव्हता. तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. पंचनामा लिहिणाऱ्या शिपायाचा पेन थांबला होता. त्याला लिहायला सांगण्याचे मलाही सुचले नाही.

थोड्या वेळाने भुऱ्या उठला आणि आरोपीकडे गेला. त्याची बोटे चाटली, पुन्हा आजींकडे आला. मालकिणीकडे आणि चोराकडे, असे तो दोन-तीनदा गेला-आला. कोणाच्या नावावर काय मांडायचे, याचा त्या जनावराचा हिशेब आमच्याहून वेगळा होता.

आरोपी आपणहून बोलला. "मेटॅडोरचा ड्रायव्हर म्हणे, भाकरीत औषध टाक, भुंकाची झंझट नाई. म्या म्हटलं, हे माह्या हातचं खाते. त्याच हातानं औषध कसं टाकू?" म्हणून त्याने कुत्रे मारले नाहीत, सोबत आणले. त्यांना पोसण्यासाठी रोज पिशवी न्यावी लागली आणि तिथेच तो सापडला. ड्रायव्हर नंतर पुसदला पकडला गेला.

कुत्रे सुपुर्दनाम्यावर मालकांच्या ताब्यात दिले. सही करण्याआधी आजी अडून बसल्या. "यानं चोरी केली, ते लिहा. अन् यानं माहा भुऱ्या मारला नाई, तेबी लिहा." दोन्ही वाक्ये त्यांच्या पुरवणी जबाबात आहेत. पुढे न्यायालयातही त्यांनी दोन्ही सांगितली, पहिल्यात काही कमी न करता. शिक्षा झाली. ती व्हायलाच हवी होती.

गुन्हेगार लोभामुळे, दारूमुळे, फितुरीमुळे सापडताना मी कायम पाहिले. आपल्या वागण्यातल्या एकमेव चांगल्या गोष्टीमुळे सापडलेला हा एकच. तेव्हापासून चौकशीत आरोपीने काय केले याबरोबर, संधी असून काय केले नाही, हेही मी विचारू लागलो.

कुत्रे ताब्यात मिळाले त्या संध्याकाळी, ठाण्याच्या आवारात आजींच्या मुलाने आपल्या गाडीचे दार उघडून विचारले, "आई, मग रविवारचं कसं करायचं?"

आजींनी आधी भुऱ्याला आत चढवले. "रविवारी दुसरा वेचा हाय," त्या म्हणाल्या. "राहत असशीन तं ये वेचाले."