मॅरेथॉनचा आंधळा शिपाई

तळेगाव ढमढेऱ्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि शिक्रापुरात खोली घेऊन राहते. रविवारी खुटबावला मामांकडं जाते. मामा फौजेत होते. सरहद्दीवरच्या एका चौकीवरून परत आले ते आंधळे होऊन. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. फौजेच्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि डोळ्यांत काही बिघाड नाही म्हणाले. गावात काही लोक अजूनही म्हणतात, म्हातारा सोंग करतो.

मी गेले की त्यांना पेपर वाचून दाखवायचा, अशी आमची रीत. त्या रविवारी पेपर आलाच नव्हता. मामा म्हणाले, "मग उद्या पोरांना काय शिकवणार हायेस, त्ये सांग."

दुसऱ्या दिवशी ग्रीक आणि इराण्यांची युद्धं होती. मी ओसरीवर बसून सांगायला लागले. मामी शेजारी मेथी निवडत होत्या. इराणच्या बादशहाची जहाजं मॅरेथॉनच्या किनाऱ्याला कशी लागली, अथेन्सचे लोक थोडे असून कसे धावत अंगावर गेले, सगळं सांगितलं. मामांना लढाईची गोष्ट आवडत होती. मधेच "बाजू कुणी सांभाळली?" असं विचारत होते.

मग मला त्या शिपायाची हकीकत आठवली. एका जुन्या ग्रीक इतिहासकारानं ती लिहून ठेवलेली आहे. वर्गात सांगायची की नाही हे माझं ठरलं नव्हतं. मी म्हटलं, "त्या लढाईत अथेन्सचा एक शिपाई आंधळा झाला, मामा. तलवार लागली नाही, बाण लागला नाही. लढता लढता उभ्या उभ्या दोन्ही डोळे गेले."

बोलून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. मामांचा चेहरा माझ्याकडं वळला होता.

"त्याला काय दिसलं व्हतं?"

"तो सांगायचा की समोरून एक खूप उंच माणूस आला. हातात ढाल..."

"दाढी व्हती," मामा म्हणाले.

ते विचारत नव्हते, सांगत होते. दाढीचं मी अजून काही बोललेच नव्हते. त्या हकीकतीत दाढी आहे. इतकी मोठी की तिच्या सावलीत अख्खी ढाल झाकली गेली होती. मामांनी कुठं ऐकलं असेल? ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी नव्हती.

"हो," मी म्हटलं. 

"त्यो ह्याच्या अंगावर न्हाई आला. बाजूनं निघून गेला. आन् शेजारच्याला घेतलं."

हकीकतीत नेमकं तेच आहे. मामींचे हात थांबले. "आवं, मी येवढ्यांदा विचारलं तवा तुम्ही म्हणायचा, कायबी न्हाई दिसलं!"

"कुणाला सांगू? सोंग करतोय म्हणणाऱ्यांना?" मामा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. भर दुपार होती. तोफा थांबल्या होत्या. शेजारी त्यांचा दोस्त बूट काढून मोजा पिळत बसला होता. समोरच्या उतारावरून तो उंच दाढीवाला चढून आला, सावकाश, आपल्याच शेतातून चालल्यासारखा. दाढी काळी होती आणि ओली होती, आणि त्या डोंगरावर तर पाण्याचा थेंब नव्हता. तो मामांच्या इतक्या जवळून गेला की अंगाला गारवा लागला. दोस्ताच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. मामांनी पाहिलेलं ते शेवटचं.

मनाला धक्का बसला की डोळ्यांना काही न होताही माणसाला दिसेनासं होतं, असं डॉक्टर सांगतात. ते मी मामांना समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आसंल. त्या ग्रीक शिपायाचं फुडं काय झालं?"

"जन्मभर आंधळाच राहिला. लोकांना हे सांगायचा."

"सांगायचा? आन् लोकं ऐकायची?"

"ऐकली म्हणून तर कुणीतरी लिहून ठेवलं."

मामांनी भिंतीला टेकवलेली काठी चाचपून हातात घेतली. मग म्हणाले, "मला दोस्ताच्या घरी न्हेशील का? तुझ्या तळेगावाच्या फुडंच हाय."

पुढच्या रविवारी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं आम्ही जीपनं गेलो. दोस्ताची बायको वस्तीवर मुलाकडं राहत होती. मुलगा कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. मामांनी दारातूनच आवाज दिला, "जय भीम, वहिनी." तिनं त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं. मामांनी काही न लपवता सगळं सांगितलं, मोज्यासकट.

ती रडली नाही. तिनं विचारलं, "त्यानं ह्यांच्याकडं बघितलं का, भाऊजी?"

"बघितलं. रागानं न्हाई."

तिनं पदर सारखा केला. "ह्ये गेल्याची तार यायच्या आदल्या दिसापास्नं त्यो मला दिसतो. त्या चिंचंखाली. दाढीतनं पाणी गळतंय. मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलंय. म्हणून पोरालाबी कधी बोलले न्हाई."

 अंगणापलीकडं चिंच होती. ऊन कडक होतं आणि झाडाखाली कुणीही नव्हतं.

मामा तिच्याकडं तोंड करून म्हणाले, "आत्ता हाय का?"

तिनं झाडाकडं पाहिलं. मग झाडावरून तिची नजर हळूहळू अंगण ओलांडत आमच्याकडं आली आणि मामांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थांबली.

"न्हाई," ती म्हणाली. "च्या घ्या तुम्ही."

शेजारून गारवा लागल्यासारखा मामांनी हात लांब करून त्या जागी खाट चाचपली. हात तसाच ठेवून ते चहा प्याले. मग ते दोघं चौकीवरून आलेल्या जुन्या पत्रांबद्दल आणि दोस्ताच्या हसण्याबद्दल बोलत राहिले, आणि मी उन्हात जाऊन उभी राहिले.