आप्पांचं पाठांतर

माझे वडील, आप्पा, फ्रीमेसन होते, एका जुन्या गुप्त संघटनेचे सभासद. कोल्हापुरात हे सांगितलं की समोरचा आधी दचकतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हंजे त्या भुताच्या बंगल्यातले?" महिन्यातून एकदा संध्याकाळी काळा कोट घालून, चपटी पेटी घेऊन ते त्याच बंगल्यात सभेला जायचे. आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही अशी शपथ, आणि बायकांना आत प्रवेश नाही. या दोन्ही गोष्टींचा मला लहानपणापासून राग होता. आईला नव्हता. ती थट्टेवर भागवायची.

आप्पा आयटीआयमध्ये ड्रॉइंगचे मास्तर. कोटावरच्या पिनेवर गुण्या आणि कंपास होता, त्यामुळे ती पिन आयटीआयचीच आहे असं आई कितीतरी दिवस समजत होती. मग आप्पांनी सांगितलं की ही मूळची गवंड्यांची संघटना.

"गवंडी?" आई म्हणाली. "न्हाणीची वीट निखळल्याली, ती अजून तशीच हाय की."

पेटीत पांढरा एप्रन असतो हे कळल्यावर तर तिला आयतंच कोलीत मिळालं. "घरात कधी बांधला न्हाई. तिथं बरी हौस."

आप्पा नुसते हसायचे. उसाच्या बांधावरनं त्यांची भाऊबंदकी कोर्टात गेली होती आणि सख्खा भाऊ तोंड बघत नव्हता. सभेत मात्र वकील, डॉक्टर, व्यापारी सगळे त्यांना बंधू म्हणायचे. मला वाटतं, त्यांना तेवढंच हवं होतं.

सभेतलं सगळं तोंडपाठ म्हणावं लागतं, हातात कागद चालत नाही. म्हणून आप्पा मधल्या खोलीत येरझाऱ्या घालत पाठांतर करायचे, सगळं इंग्रजीत. भिंतीपलीकडे आई भाकऱ्या थापायची. एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती. आप्पा अडखळले की भाकरीचा आवाज थांबायचा. त्यांना शब्द सापडला की थपथप पुन्हा सुरू व्हायची.

मी एकदा विचारलंही. "तू ऐकतेस व्हय गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? सातवी शिकल्याली मी. तवा तापायचा हाय अजून."

मग या संघटनेला तीनशे वर्षं होणार असं वर्ष आलं. त्याआधी बरेच दिवस आप्पा आम्हाला जेवताना ती गोष्ट सांगत होते. लंडनमधल्या चार लहान मंडळ्या जून महिन्यात, सेंट जॉनच्या दिवशी, एका दारूच्या गुत्त्यात जमल्या, त्यांनी मिळून एकच मोठं मंडळ केलं आणि एक प्रमुख निवडला. संघटनेची रीतसर सुरुवात ती.

"गुत्त्यात सुरू झालं व्हय," आई म्हणाली. "आणि तीनशे वर्सांत बायकांना आत घ्यायचं कुणाला सुचलं न्हाई. आमचं भजनी मंडळ बरं त्यापरास."

कोल्हापुरातही कार्यक्रम ठरला. एक लांबलचक उतारा म्हणायचा मान आप्पांना मिळाला. त्यांनी जोरात तयारी सुरू केली आणि त्याच महिन्यांत त्यांचं डोकं त्यांना सोडून जायला लागलं. आधी कळंब्याला फिरायला गेले ते तळ्यावरून घरची वाट विसरले. मग मला विसरले. आणि मग आईला.

"अगं, ऐकलंस का," ही त्यांची आयुष्यभराची हाक बंद झाली. ते मला बाजूला घेऊन म्हणायचे, "ह्या बाईंना कुणीतरी घरला पोचवा, उशीर झालाय त्यांना." आईला आता एकच हवं होतं, त्यांनी एकदा तिला हाक मारावी. ती लग्नातली साडी नेसून त्यांच्यासमोर बसायची. त्यांच्या आवडीचा पांढरा रस्सा करायची. "झकास झालाय," ते परक्या घरी म्हणावं तसं म्हणायचे. आई भांडी उचलायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांचा सभेतला दोस्त गाडी घेऊन आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. आईनं आप्पांना कोट चढवून तयार ठेवलं होतं. दोस्तानं हात पुढे केला. त्यांच्यात हात मिळवायची काही खास रीत असते. आप्पांनी त्याचा हात नुसता धरून ठेवला, जत्रेत पोर धरतं तसा.

"वैनी, ह्यांना असं चारचौघांत उभं करायला नको," दोस्त म्हणाला आणि डोळे पुसत एकटाच गेला.

आप्पा दिवसभर कोट काढू देईनात. संध्याकाळी आई भाकऱ्यांना बसली, तेव्हा ते मधल्या खोलीत उठून उभे राहिले आणि उतारा म्हणायला लागले. खणखणीत, जुन्या आवाजात. मग अडले. तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत मांडीवर मूठ मारायला लागले. 

भाकरीचा आवाज थांबला. भिंतीपलीकडून आईनं शब्द सांगितला. इंग्रजी शब्द, तिच्या माहेरच्या उचगावच्या हेलात.

आप्पा पुढे निघाले. पुन्हा अडले, पुन्हा तिनं सांगितला. शेवटपर्यंत असंच. ते शब्द मी इथे लिहिणार नाही, आईची तशी ताकीद आहे. ज्या शपथेचा मला एवढा राग, ती शपथ आई न घेताच पाळत आली होती.

उतारा संपला तसे आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. आईकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत ओळख होती, खरोखरची. आई उठली, तिनं पदर सारखा केला. आता हाक मारतील, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असणार, कारण त्या वेळचा तिचा चेहरा मला आजही बघवत नाही.

आप्पांनी तिचा पिठाचा हात हातात घेतला आणि अंगठ्यानं एका ठरावीक जागी दाबला. सकाळी दोस्ताशी जे जमलं नव्हतं, तेच.

"बंधू," ते म्हणाले, "कुठनं आलासा?"

आईनं हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला. "उचगावातनं," म्हणाली.

"लई लांबनं आलासा. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात ठेवली. "बंधूंना वाढा की," मला म्हणाले. मी वाढत होते आणि रडत होते. आईनं ती अर्धी भाकरी संपवली.

त्यानंतर अखेरपर्यंत ती त्यांचा बंधूच होती. बायको पुन्हा कधी झाली नाही.

आप्पा गेल्यावर दोस्त भेटायला आला. जरा चाचरत त्यानं आईला विचारलं, दुखण्यात त्यांच्या तोंडून सभेतलं काही गेलं का.

"न्हाई," आई म्हणाली. "बाईमाणसाला कशाला सांगतील ते?"

अजूनही भाकऱ्या थापताना ती तो उतारा पुटपुटते. आप्पा पहिल्यांदा जिथं अडायचे तिथं आली की तिचा हात थांबतो. पुढचा शब्द तिला येतो. पण ती म्हणत नाही. तव्यातून धूर निघायला लागतो तरी भिंतीकडे बघत बसून राहते.