गॅलरीतलं विमान डावीकडेच का जायचं

शे-दीडशे वेळा विमान पाडूनही माझं नाव कधी पेपरात आलं नाही, कारण ती सगळी विमानं आमच्या गॅलरीत पडली. गॅलरी मीरा रोडला, हाटकेशच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. चार फूट रुंद, नऊ फूट लांब. बिल्डरने कागदावर तिला 'टेरेस' म्हटलं होतं. त्यामुळे मी तिला कॉकपिट म्हटलं तर फार मोठा गुन्हा केला, असं मला अजूनही वाटत नाही.

समोर तेव्हा इमारती नव्हत्या. तिवरं होती आणि त्यापलीकडे मिठागरं. संध्याकाळच्या उन्हात मिठागराचं पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं व्हायचं. मधली बांधाची रेघ पुसली जायची आणि मिठाचे पांढरे ढीग नुसते तरंगत राहायचे. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन मी तिथे उभा राहायचो आणि डोळे जरा बारीक करायचो. मग खाली ढग, वर आभाळ आणि मधे मी. चहा निवायचा. आतून आई ओरडायची, ''अरे, पितोयस की नुसता दाखवतोयस त्याला बाहेरचं?'' माझं विमान खरं तर तिथेच उडालं होतं. प्लायवूड, वायरी आणि भंगार हे सगळं मागून आलं.

मी एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. नव्वदीच्या मध्यावर कंपनीत नवे कॉम्प्युटर आले आणि जुने आम्हा लोकांना स्वस्तात मिळाले. मी एक रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला. ऑफिसातल्या एका मित्राने त्यात विमान उडवण्याचा खेळ भरून दिला. दोन दिवस मी कीबोर्डवर बोटांनी विमान उडवलं आणि तिसऱ्या दिवशी मला ते अपमानास्पद वाटू लागलं. वैमानिक काय टाइपिस्ट असतो? खुर्ची हवी, हँडल हवं, समोर काटे-डायल हवेत.

खुर्चीसाठी मी काशीमीऱ्याला हायवेवरच्या भंगारवाल्याकडे गेलो. गॅरेजांच्या मागे त्याचा ढिगारा होता आणि ढिगाऱ्यावर ती सीट, उंच पाठीची, एका बाजूला लिव्हर असलेली.

''चाचा, ये सीट किसका है?''

''जहाज का है, साब.''

''कौन सा जहाज?''

''उडनेवाला.''

एवढा पुरावा मला पुरला. सीट घरी आली. तीन रविवार मी सँडपेपरने गंज घासला, रेड ऑक्साइड मारला, लिव्हर तेल पाजून हलतं केलं. जुनं रेक्झिन उसवलं तेव्हा आत विड्यांचं अर्धं बंडल निघालं, दोरीत ओवलेलं वाळकं लिंबू-मिरची निघालं आणि लोखंडी पट्टीवर पिवळ्या रंगात कुणीतरी रंगवलेला ट्रकचा नंबर निघाला. पुढच्या खेपेस मी चाचाला म्हटलं, ''वो तो ट्रक का निकला.''

चाचा गंभीरपणे म्हणाला, ''साब, आपने वो ड्रायव्हर को चलाते नहीं देखा.''

डायल मी स्वतः काढले. ड्रॉइंगच्या पेनने, पांढऱ्या कार्डावर, जुन्या घड्याळांचे काटे लावून. त्यातला एकच डायल खरा होता आणि तो बॉयलरचा होता. आमचं विमान किती उंचीवर आहे ते किलोमध्ये दाखवायचं. विमानाचं नाक मी सोसायटीच्या गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलचं केलं आणि त्याला झोकात चंदेरी स्प्रे मारला. थर्माकोल स्प्रेने विरघळतो हे अख्ख्या मीरा रोडला माहीत होतं, मला सोडून. आई बघून म्हणाली, ''पापड जळला तरी आकार राहतो रे त्याचा.'' दुसरं नाक प्लायवूडचं केलं.

हँडल सायकलचं होतं, अर्धं कापलेलं. त्याच्या दांड्याला रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची कळ जोडली होती. हँडल वळलं की कळ वळायची आणि कळ वळली की पडद्यावरचं विमान वळायचं. हात सोडला की दोन स्प्रिंगा हँडलला परत मध्यावर आणायच्या. हे सगळं प्लायवूडच्या खोक्यात बंद, दांड्यापुरती फट तेवढी उघडी, आणि वर झाकण, अकरा स्क्रूंचं. अकराच का, ते विचारू नका. बारावा गॅलरीतून खाली पडला.

मी हे झाकण बसवत होतो त्याच दिवशी बायको हातात पत्र घेऊन गॅलरीच्या दारात आली. ती बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती, दहा वर्षं. हुशार, आणि तिला ते माहीत होतं, पण तिथे तिच्यापुढे तीन सीनियर होत्या.

''मस्कतहून आलंय,'' ती म्हणाली. ''घेतलं त्यांनी मला. थिएटर इनचार्ज. दोन वर्षं. दिवाळी संपेपर्यंत कळवायचंय.''

''वा!'' मी म्हटलं आणि सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न लुंगीवर ठेवलं.

लुंगी विझवून झाल्यावर बायको खाली बसली. तिला जायचं होतं. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की मी नजर फिरवली. अडचण एकच होती. विमानाचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या तळहाताला घाम यायचा. रक्ताला न घाबरणारी बाई, पण मावसबहिणीला सोडायला सहारच्या विमानतळावर गेली तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर डोकं खाली घालून बसली होती.

''थिएटरात काही बिघडलं तर माझ्या हातात चिमटा असतो,'' ती म्हणाली. ''वर विमानात माझ्या हातात काय? लिमलेटची गोळी.''

''मी सवय करून देतो तुला,'' मी म्हटलं. ''घरात विमान असताना काळजी कसली?''

असं ठरलं की दर रविवारी दुपारी मी तिला मुंबईहून मस्कतला न्यायचं. खेळात ना मुंबई होती ना मस्कत. अमेरिकेतलं एक शहर होतं आणि त्याच्या कडेला एक प्रचंड तळं. तळ्याला मी अरबी समुद्र म्हटलं. अलीकडचा किनारा मुंबई, पलीकडचा मस्कत. ती माझ्या मागे स्टुलावर बसणार. तिला पट्टा हवा म्हणून मी होल्डॉलचा पट्टा स्टुलाला खिळ्यांनी ठोकून दिला.

पहिल्या उड्डाणाआधी दसरा आला. आईने सकाळीच जाहीर केलं, ''आपल्या घरात वाहन म्हणून हेच एक. ह्याची पूजा नको?'' मग झेंडूचं तोरण कॉकपिटच्या प्लायवूडच्या खिडकीला लागलं, नाकावर स्वस्तिक आलं. आई चार अक्षता टाका म्हणाली. मी मात्र त्या दिवशी भलत्याच रंगात होतो. ओल्या कुंकवाच्या तांदळाची अख्खी मूठ भरून मी 'मोरया' म्हणत कॉकपिटावर उधळली. लग्नातसुद्धा आमच्यावर इतक्या पडल्या नव्हत्या.

त्या रविवारी मी बायकोला पट्टा बांधला आणि विमान धावपट्टीवरून उचललं. उचललं ते सरळ, पण हात जरा सैल सोडला की ते डावीकडे कलायचं. मी उजवीकडे ओढायचो, ते जास्त वळायचं, मी घाबरून परत डावीकडे. शेवटी आम्ही तळ्यात गेलो.

''हे मस्कत?'' बायकोने मागून विचारलं.

''जवळपास.''

''पाण्यात का आहे मग?''

''आडवा वारा होता. अमेरिकेत वारा फार.''

पुढचा रविवारही तसाच गेला आणि त्यापुढचाही. उडायचं, डावीकडे कलायचं, पडायचं. मी खिडकीतून मिठागराकडे बोट दाखवून तिला म्हणायचो, ''पडद्याकडे नको बघूस, तिकडे बघ. आपण ढगांवर आहोत.'' ती बघायची, क्षणभर तिच्या खांद्यातला ताण उतरायचा, आणि तेवढ्यात स्पीकरमधून आदळल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या रविवारी तिने स्टुलाची कड इतकी घट्ट धरली की तिच्या बोटांवर वळ उमटले. आई आतल्या खोलीत दळण निवडत होती. तिथूनच म्हणाली, ''मेल्या, ते डावीकडे जातंय तर तू उजवीकडे सरकून बस ना!''

आता खरं ते सांगतो. हँडल मध्यावर परत येत नाहीये, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. स्प्रिंगांमध्ये काहीतरी अडतंय, झाकण उघडायला हवं, हेही कळलं होतं. ड्राफ्ट्समन होतो मी, एवढी यंत्रं काढली होती. पण अकरा स्क्रू आहेत, उद्या बघू, म्हणत मी दिवस काढत होतो. प्रत्येक वेळी विमान पडलं की बायको गप्प होऊन आत जायची, कणीक मळायला घ्यायची, आणि मला, सांगायला लाज वाटते, पण बरं वाटायचं. ती आहे. कणीक मळतेय. मस्कत अजून तळ्यात आहे.

दिवाळी संपत आली. पत्राचं उत्तर पाठवायचा रविवार आला. त्या दुपारी विमान पुन्हा डावीकडे कललं. मी उजवीकडे ओढणार तोच बायको मागून म्हणाली, ''थांबा. हात काढा.''

''पडेल गं.''

''पडू दे. हात काढा तुम्ही.''

मी हात काढला. पडद्यावर विमान संथपणे डावीकडे फिरत तळ्यात गेलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती हँडलकडे बघत होती.

''हे मधे येत नाहीये. झाकण काढा.''

''अकरा स्क्रू आहेत.''

''आम्ही माणसांची पोटं उघडतो. हे प्लायवूड आहे.''

तिने पट्टा सोडला आणि आतून आपला चिमटा आणला. हॉस्पिटलातून बाद झालेला, लांब टोकाचा. एरवी परकराला नाडी घालायला वापरायची. मी स्क्रू काढले, तिने टॉर्च माझ्या हातात दिला, ''इथे धरा, हलवू नका,'' म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ह्या आवाजात ती थिएटरात बोलत असणार, असं मला वाटलं. दहा वर्षांच्या संसारात मी तो प्रथमच ऐकत होतो. चिमटा स्प्रिंगेच्या मागे गेला, जरा वळला आणि बाहेर आला. टोकात एक तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल, वाळून दगड झालेला. मग दुसरा. मग दोन एकमेकांना चिकटलेले.

आई दारात येऊन उभी राहिली होती. ''अक्षता!'' ती म्हणाली.

''कुणी टाकल्या?'' बायकोने विचारलं.

''पूजेला टाकतातच की,'' मी म्हणालो.

''चार टाकतात. ह्या कुणी टाकल्या?''

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी टॉर्च बंद केला.

झाकण न लावताच तिने मला बसायला सांगितलं. ह्या वेळी विमान उठलं आणि उठतच राहिलं. हात सैल सोडला तरी सरळ. बॉयलरचा काटा अर्थात शून्य किलोवरच होता, पण पडद्यावर किनारा मागे पडला, निळं तळं पसरलं. प्लायवूडच्या खिडकीबाहेर ऊन कलतं झालं होतं. मिठागराचं पाणी आभाळात मिसळलं, ढीग तरंगू लागले. आत निळं, बाहेर सोनेरी, आणि आम्ही तिघं मधे कुठेतरी. आई सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. पलीकडचा किनारा आला, धावपट्टी आली, चाकं टेकली. एक उडी, मग अर्धी उडी, मग विमान थांबलं.

मी दोन्ही हात वर करून ओरडलो, ''उतरलो!'' आणि ओरडता ओरडताच मला कळलं की मी काय करून बसलो.

बायको स्टुलावर शांत बसली होती. म्हणाली, ''म्हणजे ते पडत नव्हतं. आपण उघडून बघत नव्हतो.''

''हो.''

''तुम्हाला माहीत होतं?''

''तांदळाचं नव्हतं माहीत.''

''मग काय माहीत होतं?''

''उघडायला हवं, ते माहीत होतं.''

आई न सांगता उठून आत गेली, आणि आमच्या घरात असं कधी होत नसे. बायको खिडकीतून मिठागराकडे बघत राहिली. मी सीटचं लिव्हर उगाच वर-खाली केलं.

''राहा म्हणाला असतात तर भांडले असते,'' ती शेवटी म्हणाली. ''पण निदान भांडण तरी झालं असतं.''

''राहा,'' मी म्हटलं.

''आता?'' ती हसली. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली. ''नाही. जाते मी. वरही कुणाच्या तरी हातात चिमटा असेलच. पेन द्या.''

मी दिलेलं पहिलं पेन चाललं नाही. दुसरंही नाही. मुद्दाम नव्हतं, शपथेवर सांगतो, ड्रॉइंगची पेनं वाळतातच. तिसऱ्याने तिने डायलच्या फळीवर कागद ठेवून सही केली.

ती गेली ती पौषात, दुपारच्या विमानाने. सहारला आत सोडत नव्हते. दाराशी तिने बॅग खाली ठेवली आणि तळहात माझ्या हातात दिला. ओला होता, अगदी पाणी.

''बघा,'' ती म्हणाली. ''गेलेली नाहीये भीती.''

''मग?''

''मग काय? तिलाही घेऊन चाललेय.'' आणि बॅग उचलून ती दारातून आत गेली.

परत येताना मी काशीमीऱ्याला बसमधून उतरलो. हायवेवर ट्रक धूळ उडवत होते. वर आभाळ स्वच्छ होतं, आणि त्यात एक विमान दिसलं, चांदीच्या टाचणीएवढं. मी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याला हात केला. मग दुसरं दिसलं. हेही असू शकेल म्हणून त्यालाही केला. असा मी तासाभरात चार विमानांना हात केला. एवढा वैमानिक असूनही त्यातली दोन उतरत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नाक्यावरचा एक रिक्षावाला मगापासून बघत होता. शेवटी न राहवून जवळ आला.

''साब, किसको हाथ दिखा रहे हो? यहाँ नहीं रुकेगा वो.''

''मालूम है,'' मी म्हटलं आणि पाचव्याची वाट बघत उभा राहिलो.