दोरीवरचे सात लंगोट

बाळंतीण लेकीसाठी अळिवाची खीर उकळत होते. त्या वासानं मला थेट आमच्या कर्वेनगरच्या गॅलरीत नेलं. तेव्हा ही लेक बारा दिवसांची होती. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं.

सासूबाई रोज दोरीवरचे बाळाचे लंगोट मोजायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. ओले लंगोट कमी म्हणजे बाळाला दूध कमी, हे मलाही ठाऊक होतं. मला पक्का संशय, या आता सोसायटीभर सांगणार की सुनेला दूध नाही. मग काय, मी चार कोरडे लंगोट नळाखाली भिजवले आणि दोरीवर टांगले!

"आज सात!" सासूबाई खुशीत म्हणाल्या. "भरतंय हो पोरीचं पोट."

पोर मांडीवर मलूल पडली होती, रडायचंही त्राण नव्हतं तिला. माझा धीर सुटला. "अहो आई, त्यातले चार खोटे आहेत."

"धुण्याची एवढी हौस होती, तर माझी लुगडी द्यायची होती की!" म्हणत त्यांनी पोरीला उचललं आणि तडक दवाखान्याची रिक्षा केली.

मला वाटायचं, त्या मलाच जोखतायत. रिक्षात पाहिलं, तर त्या पोरीच्या छातीवर हात ठेवून तिचे श्वास मोजत होत्या.