मऊ हाताचं कौतुक

कासारणीची सगळी विद्या तिच्या अंगठ्यात असते. गिऱ्हाइकाचा हात मुडपायचा, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आत दाबायचा, आणि काच आता सरकणार की तडकणार हे आपल्या बोटांना कळलं पाहिजे. मला ते कळेनासं झालं होतं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

नाशकात तेव्हा केबल नुकती आलेली. बायका मालिकेतल्यासारख्या बांगड्या मागायच्या, दुकानात बसायला जागा नसायची. माझा मात्र उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं परक्याची झालेली. झोपेतून उठून हात झटकायचा, मग मुंग्या. सासूबाई म्हणायच्या, "गिऱ्हाइकासमोर हात दुखतो म्हणू नकोस. कोण देईल मग मनगट तुझ्या हातात?" खरंच होतं ते. बोलले तर धंदा बसणार, गप्प बसले तर कुणाच्या तरी हातात काच फुटणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! दोन वर्षं अशी कोंडीत काढली मी.

नवरा म्हणे पित्त, शेजारीण म्हणे मानेची शीर. मानेला पट्टा लावला, ताकदीची इंजेक्शनं घेतली. मेला काही फरक नाही.

शेवटी फुटलीच. नवऱ्या मुलीला हिरवा चुडा भरत होते. रक्त आलं तरी मला कळलं नाही, ती किंचाळली तेव्हा कळलं. "वाढली हो बांगडी," म्हणत सासूबाईंनी सावरलं आणि उरलेला चुडा त्यांनीच भरला. मी आत जाऊन रडले.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी मला दोन्ही तळहात खाली वळवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या. मिनिटभरही झालं नाही, बोटांत मुंग्या. ते म्हणाले, मनगटात एक अरुंद वाट असते, खाली हाडं, वर पट्टा. त्यातून बोटांच्या दोऱ्या जातात आणि एक नस. सूज आली की नस चेंगरते. मोठ्या हाताला लहान मापाची बांगडी, मला लगेच समजलं.

मग त्यांनी माझ्या अंगठ्याचं बूड चाचपलं. "ताई, इथलं मांस कधीपासून गेलं?"

मी हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. दोन-सहाच्या मापाची बांगडी घालणारी मी, वर्षभर त्याहून लहान दोन-चारची घालत होते आणि वर तोरा मिरवत होते, की कासारणीचा हात बघा कसा मऊ झालाय! "लवकर आला असतात तर रात्री मनगटाला पट्टी बांधून, फार तर एखादं इंजेक्शन देऊन भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. आता आतला पट्टा कापून वाट मोकळी करावी लागणार होती. ऑपरेशनच्या दिवशी बांगड्या काढायला साबणसुद्धा लागला नाही. फार भीती वाटली मला.

हात तेवढा बधिर करून केलं त्यांनी. मुंग्या गेल्या, झोप लागू लागली, बोटांना काच पुन्हा कळू लागली. मांस काही भरलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात घोटीकडची एक बाई आली. दरसाल यायची. तिला चार बांगड्या भरल्या, सरसर गेल्या. माझा अंगठा तिच्या अंगठ्याच्या बुडाशी होता. तिथं खळगा होता.

"झोपेतून उठून हात झटकतेस का गं?"

"तुमाला कसं कळलं?"

मी तिला सगळं सांगितलं, दवाखान्यात जा म्हणाले. ती हसली. "भातलावणी झाली का जाईन. आन् मला काय झालंय? तुमीच नाय का दरसाली सांगत, तुजा हात लय मऊ हाय म्हून? आमच्या सासूलाबी सांगितलंय मी."

"जळो माझी जीभ," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून तशीच दुकानाची पायरी उतरले.