कचकड्याचे बँडवाले

श्रीपतकाका भगत लेकराला देवी टोचण्याआधी सुई दाखवायचे. बाकीचे टोचणारे सुई मुठीत लपवत, आईला म्हणत, "त्याले तिकडं चिमणी दाखव," आणि पोराची मान वळली की काम उरकत. काका ती दुतोंडी सुई पोराच्या नाकासमोर धरायचे. "हे पाह्य. हे तुले टोचन. दुखन. मंग थांबन." पोरगं अर्धं गाव गोळा होईल असा हंबरडा फोडायचं. मी एकदा म्हटलं, काका, हे उलटंच आहे, तुम्ही त्रास वाढवता. तर म्हणाले, "बी.ए., लपवून टोचलं तं तो जलमभर कोनाच्या हाताकडं भरोशानं पाहीन का?"

बी.ए. म्हणजे मी. आमच्या घराण्यात सही करणारा माझा बाप पहिला आणि बी.ए. झालेला मी पहिला. हे मी आजही पुढे होऊन सांगतो. लाजायचं काय त्यात. एकाहत्तर साली मंगरूळपीरला पंचायत समितीत लिपिक म्हणून लागलो आणि काकांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. काका चौथी शिकलेले. नोकरी टोचण्याची. तालुक्यातलं प्रत्येक गाव, गावातलं प्रत्येक घर त्यांच्या पायाखालचं. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. नळावर, कचेरीत, भर बाजारात, "ओ बी.ए.!" सुरुवातीला राग यायचा. मग कळलं की ती हाक मारताना त्यांना माझ्याहून जास्त आनंद होतो.

त्यांच्या खोलीत एक पत्र्याचा डबा होता. त्यात पुठ्ठे. प्रत्येक पुठ्ठ्यावर कचकड्याचा एक बोटभर उंचीचा माणूस दोऱ्यानं शिवलेला. कोणी बिगुलवाला, कोणी झांजवाला, कोणी बासरीवाला. लाल डगला, निळी टोपी. हात आतून रबरानं जोडलेले. पुठ्ठ्यावरून सोडवला आणि पाठीमागची दोरी ओढली की तो वाजवू लागणार. हा माल जपानचा. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी मंगरूळच्या उरुसात विकायला यायचा. लढाई लागली तो बंद झाला, पुन्हा कधी आला नाही. प्रत्येक पुठ्ठ्याच्या माथ्यावर सगळ्या बँडचं चित्र छापलेलं होतं, त्यामुळे माणसं एकूण बारा हे कोणालाही मोजता यायचं. काकांकडे पुढे अकरा जमले. ढोलवाला काही मिळेना.

पहिला पुठ्ठा त्यांना आसेगावात फुकट मिळाला होता. एका बाईच्या धाकट्या लेकाला टोचलं, तर तिनं आतून पुठ्ठा आणून हातावर ठेवला. थोरल्यासाठी आणलेला. थोरल्याला देवी आल्या आणि तो गेला. दोरा तसाच राहिला. "घरात ठेववत नाई, चुलीत घालवत नाई," बाई म्हणाली. काका म्हणायचे, "बी.ए., खेळनं खेळासाठी असते. ज्याच्या घरी पोट्टं होतं त्याच्या घरी तो मानूस दोन दिसांत मोडला. ज्या घरी दोरा शाबूत, त्या घरी काई तरी झालेलं असते. मी पुठ्ठा पाहून सांगतो." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. तरी डबा भरायचा त्यांना नाद होता. टोचून झालं की नजर कोनाड्याकडे, माळ्याकडे, देवाच्या फोटोमागे जायची.

पुढे काय बिघडलं ते सांगतो. काका लस आणायला अकोल्याला जात. एकदा तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला त्यांनी सहज झांजवाला दाखवला. तो म्हणाला, दहा रुपये देतो. मुंबईत असे पुठ्ठे जमवणारे शौकीन आहेत, दोरा न तुटलेला पाहिजे. दुसरा कोणी असता तर गावोगाव चार-चार आण्याला पुठ्ठे गोळा करून गप्प बसला असता. काका परत आले आणि ज्या घरी पुठ्ठा दिसेल त्या घरी सांगू लागले, "माय, याचे धा रुपये येतात अकोल्याले. मी देऊ शकतो धा. तुले द्याचा असन तं दे." मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "किंमत लपवून घेतलं त्याले घेनं नाई म्हनत. उचलनं म्हनत."

झालं! तालुक्यात बातमी फिरली की भगतसाहेब कचकड्याच्या बाहुल्यांना पैसे देतात. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवल्या. दहाचे पंचवीस झाले, पंचविसाचे साठ. दुकानदाराचा माणूस एस.टी.नं गावं फिरू लागला. कोणीतरी उठवलं की पोटात सोनं आहे. एकानं अडकित्त्यानं बासरीवाल्याचं पोट फोडून पाहिलं. आसेगावचा एक शेतकरी तर फार आनंदानं आला. धोतराच्या सोग्यातून त्यानं तुतारीवाला काढला. नुसता. पुठ्ठा नाही.

"याचा पुठ्ठा काय झाला, भाऊ?" काकांनी विचारलं.

"सडेल होता जी, उंदरानं कुरतडेल. फाडून फेकला. मानूस पाहा ना तुमी, साबनानं धुऊन आनला! चकाचक!"

काकांनी तो चकाचक तुतारीवाला उलटसुलट करून पाहिला. मग त्या माणसाला चहा पाजला. तो गेल्यावर म्हणाले, "मीच सांगत फिरलो, बी.ए. जेवढं इचारतो तेवढं म्हाग होऊन राह्यलं. न इचारू तं भेटन कसं?"

ढोलवाला सगळ्यांत महाग. कारण साधं. उरुसात पोरांना पहिल्यांदा तोच हवा असायचा. सगळ्यांनी तोच घेतला आणि सगळ्यांनी वाजवून मोडला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात काकांना पत्ता लागला. जऊळक्याला गंगाबाई म्हणून एक म्हातारी होती, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. तिच्या पेटीत ढोलवाला आहे, दोऱ्यासकट. काका मला म्हणाले, "तुमी चला संगं. अकोल्याच्या दुकानदारानं मुंबईच्या किमतीचा कागद देला, इंग्रजीत हाये. तिले वाचून दाखवा." मी तो टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. इंग्रजी वाचून दाखवायला कोणी बोलावणं ही त्या वेळी माझी चैन होती.

गंगाबाईनं आम्हाला पाट दिले, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. ओसरीवर तिचा पुतण्या सुतळी वळत बसला होता. म्हातारी त्याच्याच आधारानं राहत होती. काकांनी येण्याचं कारण सांगितलं. ती पेटीजवळ गेली आणि तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पुठ्ठा काढला. रंग कालचा वाटावा असा. डोक्यावर निळी टोपी, गळ्यात ढोल, दोन्ही हात वर उचललेले. काकांनी हात पुढे केला नाही.

"आमच्या वसंतासाठी मालकानं उरुसातून आनला होता," ती म्हणाली. "हा घरी आला तवा पोरगं निपचित. उशापाशी ठेवला. त्यानं डोये उघडून पाह्यला, पन हात काई उचलला नाई. तीन दिसांनं गेला." मग पुठ्ठा काकांपुढे सरकवून म्हणाली, "न्या तुमी. तुमी लेकरं वाचवता. माया मांग कोन पाहीन त्याच्याकडं?"

इथे गप्प बसले असते तर! पण काका ते काका. "असा नाई नेत, माय. आधी किंमत आयक."

"मले नाई आयकाची."

"आयकाच लागन. बी.ए., वाचा."

आणि मी वाचलं. चांगलं खणखणीत वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. "ढोलवाला, मूळ पुठ्ठ्यावर, दोरा अखंड: रुपये साडेतीनशे."

ओसरीवरची सुतळी थांबली. "कित्ती?" पुतण्या उठून उभा राहिला. "त्या पुठ्ठ्याचे?"

मी आकडा पुन्हा सांगितला. कोणी विचारलं होतं म्हणून.

म्हातारी म्हणत होती, फुकट न्या. काका म्हणत होते, पगार झाला की पुरे पैसे घेऊन येतो, तवा नेतो. पुतण्या सुतळी टाकून आत आला. तो पुठ्ठ्याकडे पाहत होता. काकांनी ढोलवाला स्वतःच्या हातानं पुन्हा लुगड्यात गुंडाळून तिच्या पेटीत ठेवला आणि आम्ही निघालो. वाटेत ते फार खुशीत होते. "पाह्यलं? शाबूत! आता बारा होतीन."

पगाराच्या दुसऱ्या दिवशी काका जऊळक्याला गेले, सोबत सायकल विकल्याचे पैसे. संध्याकाळी परत आले ते पायरीवरच बसले. पुतण्यानं म्हातारी भाजी आणायला गेली असताना पेटी उघडली, पुठ्ठा अकोल्याला नेला आणि त्या पैशांनी घरावर नवीन टिनं टाकली. म्हातारीनं विचारलं तर म्हणाला, गळतं घर चांगलं का ते कचकडं चांगलं? त्याचंही खोटं नव्हतं. घर खरंच गळत होतं.

"ते मले बोलली बी नाई," काका सांगत होते. "निसती त्या टिनाकडं पाहून राह्यली होती. तिचं पोरगं मीच इकलं, बी.ए. मीच."

मी म्हटलं, भाव मी वाचला.

"वाचाले कोनं सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. दुकानदारानं हात झटकले. माल मुंबईला गेला. मी रात्रभर जागून, शब्दकोश उशाशी घेऊन, मुंबईच्या त्या शौकिनाला इंग्रजीत पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं इंग्रजी. एका आईची शेवटची वस्तू आहे, दिलेले पैसे परत घ्या, वर आमच्याकडचे दोन पुठ्ठे घ्या. महिन्यानं चार ओळींचं उत्तर आलं. ती वस्तू विकण्यासाठी नाही. तुमच्याकडे आणखी असतील तर सर्व घेईन, किंमत सांगावी. मी उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा काका म्हणाले, "पत्र चांगलं होतं तुमचं." मला पदवीचा फार अभिमान होता, अजून आहे. पण त्या दिवशी ती भिंतीवर टांगलेली मला बघवली नाही.

मग काका अकराही पुठ्ठे घेऊन जऊळक्याला गेले. मलाही नेलं. नव्या टिनाखाली म्हातारी बसली होती. काकांनी डबा उघडला, एकेक पुठ्ठा तिच्यापुढे मांडला आणि म्हणाले, "माय, तुया तं आनू शकलो नाई. यातला पायजे तो ठेव. सारे ठेव."

तिनं एकाही पुठ्ठ्याला हात लावला नाही. वाकून नीट पाहिलं. मग विचारलं, "हे कोनाकोनाच्या लेकरायचे हायेत जी?"

मला वाटलं काका गडबडतील. त्यांनी बोट ठेवत ठेवत सांगायला सुरुवात केली. हा आसेगावच्या सखूच्या थोरल्याचा, विठ्ठल त्याचं नाव. हा गणपत सुताराच्या पोरीचा, चंद्री म्हणत तिला. हा सोनबाचा, त्याला देवी नाही, साप लागला होता. अकराही नावं. एकदाही अडखळले नाहीत. म्हातारी प्रत्येक नावाला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "वसंता गंगाराम. आमच्या पोराचं बी नाव धरा त्याईच्यात."

त्यानंतर काकांनी कोणत्याही घरी कोनाड्याकडे पाहिलं नाही. पुढच्या रविवारी ते डबा घेऊन माझ्या खोलीत आले. "बी.ए., तुमचं अक्षर चांगलं हाये. पुठ्ठ्याच्या समोरून लिहा. शाईनं." मी सांगितलं, काका, शाई लागली की मुंबईवाला पाच पैसेही देणार नाही. ते म्हणाले, "तेच तं." मी एकेक नाव लिहिलं, बँडच्या चित्राखाली, ठळक. काही दिवसांनी दुकानदाराचा माणूस पूर्ण अकराचा सौदा करायला आला. पुठ्ठे हातात घेऊन तो रडकुंडीला आला. "भगतसाहेब, माल मारून टाकला ना तुमी!" काकांनी त्यालाही चहा पाजला.

देवीचा रोग गेला, काका रिटायर झाले, आणि नंतर तेही गेले. अकरा पुठ्ठे कोणाकडे आहेत ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही. पण त्या रविवारचं सांगतो. अकरावं नाव लिहून झालं तरी काका उठले नाहीत. मी टाक दौतीत बुडवून बसलो होतो, निबावर शाईचा थेंब जमत होता. काका डब्याच्या तळाशी हात फिरवत होते.

"वसंताचं कायच्यावर लिहाचं, बी.ए.?" ते म्हणाले.

मी टाक पुसून ठेवला.